तेवीस विरुद्ध बावीस

पाइन रन, ओहायो
मंगळवार, ११ जून १९७४

प्रिय व्हर्ना,

अक्षर ओळखून पाकीट न फोडताच फेकलं नसशील, तर वाच. सख्खी बहीण असून सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तूही नाही. पत्ता तुझ्या नणंदेकडून मिळवला. तिने आधी फोनवर मला दहा मिनिटं ऐकवलं आणि मग दिला. मी ऐकून घेतलं.

आता का लिहितेय ते सांगते. यंदा चर्चच्या वसंतातल्या सभांना पवित्र आत्म्याचं काम जोरात झालं आणि सगळी मंडळी मागच्या चुका कबूल करून नीट करायला निघाली. तुला माहीतच आहे आपल्याकडे हे सुरू झालं की कसं होतं. पोस्टातली बाई म्हणाली, इतकी पाकिटं नाताळातही जात नाहीत. माझ्या नवऱ्याला तर तू ओळखतेस, क्लॉइसनेसुद्धा पंचवीस वर्षांपूर्वी रेल्वेच्या गोदामातून उचललेला पाना शोधून काढला आणि परत द्यायला गेला. तिथला माणूस म्हणे, "आजोबा, इथे आता गालिच्यांचं दुकान आहे." क्लॉइस म्हणाला, "ते तुमचं तुम्ही बघा, माझ्या मनावरचं ओझं उतरलं," आणि पाना एका गालिच्यावर ठेवून घरी आला. त्या रात्री ढाराढूर झोपला बाई.

तर आता माझंही ऐक. आईचा निळा वाडगा मांजराने पाडला नाही, मी फोडला. मार तुला बसला कारण मांजर तुझं होतं. आणि तू बारा वर्षांची असताना प्रभूने तुझ्यासाठी काय केलं याची मंडळीसमोर साक्ष द्यायची म्हणून आठवडाभर आरशासमोर तयारी करत होतीस, तेव्हा मी आधी उठून तीच साक्ष माझी म्हणून दिली. लोकांचे डोळे भरून आले. तू उठलीस आणि नुसतं "मलाही प्रभू आवडतो" म्हणून खाली बसलीस. त्याची मला आजही लाज वाटते.

झालं, हे एवढंच होतं.

दुसरी गोष्ट. मोठ्या मंडळीत न जाता वेगळं राहून आपल्याला यंदा सात वर्षं झाली. ऑगस्टच्या प्रार्थना-छावणीत त्याचा सोहळा आहे आणि आपल्या मंडळीचा इतिहास लिहून वाचायचं काम पाळकांनी मला दिलंय. त्यात तुझं काय लिहायचं, हा प्रश्न आहे. तुझ्या डेल्बर्टची सोन्याची अंगठी तू गळ्यात घालतेस हे वेगळं राहायच्या मतदानाच्या आदल्या आठवड्यात मंडळीच्या बोर्डाला कुणी सांगितलं, ते मला काही कळलेलं नाही. पण त्यांनी तुला ज्या तऱ्हेने बोलावलं आणि पुस्तकातून नाव खोडलं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. हे तुला कळावं एवढंच.

तब्येतीला जप.

तुझी
अल्मीडा


पाइन रन
मंगळवार, २ जुलै १९७४

प्रिय व्हर्ना,

तुझं कार्ड मिळालं. "वाडग्याचं मला माहीत होतं." सात वर्षांनी बहिणीला लिहिलंस ते हे चार शब्द. क्लॉइस म्हणतो चार तर चार, शून्यापेक्षा बरे. त्याचं काय जातं म्हणायला.

मी बरी आहे. खरं म्हणजे बरी नाही. जेवण जात नाही. परवा कोंबडीत शेवया घालून मोठं पातेलंभर केलं आणि सगळं शेजारी पाठवून दिलं.

तो इतिहास अडलाय. सुरुवात छान झाली, तुलाही आवडेल. पणजोबा जोसाया यांनी त्या काळची मोठी मंडळी सोडली ती गोष्ट लिहिली. गुलाम बाळगणारी माणसं प्रभुभोजनाला बसतात आणि बिशप त्यांना काही बोलत नाहीत, म्हणून ते भर सभेत उठले, टोपी घातली आणि अकरा घरं घेऊन बाहेर पडले. तीन वर्षं धान्याच्या कोठारात उपासना केली. पळून आलेली गुलाम माणसं त्याच कोठारात पेंढ्याखाली लपायची आणि वर प्रार्थना चालायची. हे मी अगदी दणक्यात लिहिलंय.

मग नियमांचं लिहिलं. दारू नाही, तंबाखू नाही, गुप्त मंडळांच्या शपथा नाहीत, शब्बाथाच्या रविवारी काम नाही, अंगावर सोनं नाही, बाईच्या केसांना कात्री नाही. आणि बाईला उपदेश करायची मोकळीक, जी भल्याभल्यांनी दिली नव्हती तेव्हा आपण दिली. मग पवित्रीकरणाचं. तारण झाल्यावरही मनात पापाची जी मुळी उरते, ती प्रभू दुसऱ्या खेपेला उपटून काढतो आणि अंतःकरण शुद्ध होतं, यावर तर आपली मंडळी उभी आहे. तिथे मी कंसात लिहिलं, "लेखिकेला हा अनुभव १९४९ च्या छावणीत आला." मग ते खोडलं. मग परत लिहिलं.

पुढे सदुसष्ट साल. आपले वरचे लोक शहरातल्या मोठ्या मंडळीत विलीन व्हायला निघाले आणि नियमांच्या पुस्तकावर "मार्गदर्शक सल्ला" असं छापून आलं, म्हणजे पाळा नाहीतर सोडा, तेव्हा पाइन रनने मत घेतलं. बाहेर राहायचं म्हणणारे तेवीस, जायचं म्हणणारे बावीस. एका मताने आपली मंडळी वाचली. पाळक लोवेल दरवर्षी सांगतात की ते एक मत देवाने दिलं.

इथे माझं पेन थांबलंय. क्लॉइस दूध काढून आला की डोकावतो. "चार दिवस झाले, अजून सदुसष्टातच?" मी म्हणते, "तू तुझ्या गाई बघ."

बुधवारी साक्षीच्या वेळी मी उठले नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांना वाटलं गुडघे दुखत असतील, आणि मी वाटू दिलं.

अल्मीडा


पाइन रन
शुक्रवार, १९ जुलै १९७४

व्हर्ना,

मी सांगितलं. बोर्डाला मी सांगितलं.

पहिल्या पत्रात "कुणी सांगितलं ते कळलेलं नाही" असं लिहिलं ते खोटं होतं. मागचं नीट करायला बसलेली बाई पहिल्याच पत्रात नवं खोटं लिहिते, यावरून माझी काय दशा आहे ते समज.

आता सगळं लिहिते, एका दमात, नाहीतर पुन्हा वाडग्यावर जाईन. डेल्बर्ट खाणीतल्या अपघातात गेला त्याला दोन वर्षं होत आली होती. तू शनिवारी माझ्याकडे केस धुवायला आलीस. पाणी ओतताना मी तुझी कॉलर मागे ओढली आणि मानेवर काळी रिबीन दिसली. ओढली तर अंगठी. तू म्हणालीस, "मीडा, चौदा वर्षं त्याने हौसेने आणलेली अंगठी मी खणात ठेवली. घालत नाही म्हणून एकदाही बोलला नाही बिचारा. आता तो नाही तर छातीशी ठेवते. कुणाला दिसत नाही, तू सांगू नकोस." मी म्हटलं, नाही सांगणार. आणि तुझे केस पुसले, शेगडीपाशी बसून विंचरले, तुला गरम कॉफी दिली. हे सगळं प्रेमानेच केलं, व्हर्ना. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं.

पण रविवारी माझ्याकडे जेवताना तू म्हणालीस, "तिकडच्या बायका अंगठी घालतात म्हणे, आणि कोणी काही बोलत नाही." बस, मी धरून चालले की तू जायच्या बाजूने मत देणार. मी आठवडाभर मंडळीतली डोकी मोजत होते. माझ्या हिशेबात तुला धरून तेवीस-तेवीस होत होते. बरोबरी झाली की ठराव पडणार आणि सगळं शहरवाल्यांच्या हातात जाणार. सोमवारी सकाळी अंडी द्यायचं निमित्त करून मी पाळकांच्या घरी गेले आणि स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलं. "माझ्या मनाला टोचणी आहे," असंही म्हणाले.

कसली टोचणी नि काय. मला अंगठीचं काही पडलं नव्हतं, मला तुझं मत उडवायचं होतं.

गुरुवारी त्यांनी तुला बोलावलं, अंगठी काढ म्हणाले, तू नाही म्हणालीस, त्यांनी नाव खोडलं. तू बाहेर आलीस तेव्हा मी सगळ्यांसाठी कॉफी गाळत होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मी गाळणीकडे पाहिलं. रविवारी मत झालं, तेवीस विरुद्ध बावीस, लोक रडले, गायले, एकमेकांच्या गळ्यात पडले. मंगळवारी तू टोलेडोच्या बसमध्ये बसलीस.

आणि मी सात वर्षं दर बुधवारी उभी राहून सांगत आले की माझं अंतःकरण शुद्ध आहे.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला माफ कर. तू म्हणशील ते मी करेन. फक्त उत्तर दे.

मीडा


टोलेडो
शनिवार, २७ जुलै १९७४

मीडा,

तूच सांगितलंस हे मला त्याच गुरुवारी कळलं. बोर्डातला होबार्ट त्याच्या त्या जड आवाजात म्हणाला, "बहीण व्हर्ना, ती काळी रिबीन काढून टेबलावर ठेवा." रिबीन काळी आहे हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? मी बाहेर आले तेव्हा तू तोंड उघडशील म्हणून थांबले होते. सात वर्षं थांबलेच होते म्हण हवं तर. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, खऱ्यावर आली एकदाची. आणि तू मला वाडगा सांगितलास. मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली, आणि मग इतकी रडले की ती परत जाईना.

आता माझं ऐक. तू डोकी मोजलीस, बरोबर? मला विचारलंस का? मी जायच्या बाजूने नव्हते. मी पाइन रनच्याच बाजूने हात वर करणार होते. जेवताना ते बोलले, कारण मला त्या बायकांचं नवल वाटत होतं. अगं, तिकडे जायचं असतं तर अंगठी सरळ बोटात घातली असती. कपड्याच्या आत का घालत होते मी? नियम मलाही प्यारा होता म्हणून. नवराही प्यारा होता म्हणून. दोन्ही कुठे ठेवणार, तर कॉलरच्या आत. तुमचं चोवीस विरुद्ध बावीस झालं असतं.

हे वाचून तुला बरं वाटेल की जास्त वाईट, मला माहीत नाही. मला तर दोन्ही वाटावं असं वाटतं.

इथे मी एका मोठ्या मंडळीत मागच्या बाकावर बसते. चांगली माणसं आहेत. अंगठी बोटात घातली तरी कुणाला फरक पडणार नाही, तरी ती आतच आहे. इथे प्रार्थनेला कोणी गुडघे टेकत नाही. मी टेकते, तर गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्याला वाटलं मी पडले.

माफी मागितलीस, ती मी घेतली. राग गेला असं म्हणणार नाही, तो आपल्या पावलाने जाईल. पण मीडा, तुला आपली रीत माहीत आहे. जिथवर घाण गेली तिथवर झाडू गेला पाहिजे. माझं नाव तू एकटीने खोडलं नाहीस, मंडळीने खोडलं. पत्रात कबूल करून भागणार नाही. तिथे बोल. आणि देवाने एक मत दिलं म्हणून लोवेल दरवर्षी जे सांगतो, ते त्याच्या तोंडावर बोल.

व्हर्ना


पाइन रन
सोमवार, १९ ऑगस्ट १९७४

प्रिय व्हर्ना,

बोलले. काल दुपारी, छावणीच्या मोठ्या मंडपात, तीनशे माणसांसमोर.

आधी हे सांगते की तुझं पत्र मी तीन दिवस परत परत वाचलं. तू माझ्याच बाजूची होतीस हे मला सहन होईना. तू विरुद्ध असतीस तर निदान पाप करून मिळवलं तरी असतं काहीतरी. मी माझं एक मत स्वतःच्या हाताने मारलं आणि बहीण घालवली. क्लॉइसला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग वाचून टाक छावणीत. मी शेजारी बसतो." त्याने त्या दिवशी दोनदा भांडी घासली.

कालची गोष्ट. मंडपात उकडत होतं, सगळे पंख्यांनी वारा घेत होते. मी जोसाया पणजोबांचं वाचलं, कोठाराचं वाचलं, "आमेन" वर "आमेन". सदुसष्टावर आले आणि कागद खाली ठेवले. म्हटलं, "पाळक दरवर्षी सांगतात ते एक मत देवाने दिलं. ते देवाने दिलं नाही, मी चोरलं." मग सगळं सांगितलं. केस धुतले ते, अंडी, कॉफीची गाळणी, काही ठेवलं नाही. तू आपल्याच बाजूने होतीस तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "पंचवीस वर्षं मी शुद्ध अंतःकरणाची साक्ष देते. त्यातली सात वर्षांची परत घेते. १९४९ ची खरी होती की नाही ते देवाला ठाऊक, मला आता ठाऊक नाही."

पंखे थांबले होते. कुणी आमेन म्हणेना. मी खाली उतरून पश्चात्तापाच्या बाकाशी गुडघे टेकले, जिथे पोरंसोरं येतात तिथे, माझ्या वयाची बाई. मला वाटलं आता कोणी येणार नाही. मग शेजारी कुणीतरी धपकन बसलं. पाळक लोवेल. कोटाची बाही डोळ्यांना लावून म्हणाले, "अल्मीडाबाई, तुम्ही त्या सोमवारी अंडी घेऊन आलात तेव्हा मला एकदा विचारायला हवं होतं की आत्ताच का सांगता. मी विचारलं नाही. मलाही ते मत हवं होतं." ते हळू बोलले, पण मंडपात इतकी शांतता होती की मागच्या रांगेपर्यंत गेलं. मग एकेक करून लोक पुढे आले. बाक पुरेना, माणसं जमिनीवर पसरलेल्या पेंढ्यावर टेकली. किती वेळ गेला मला माहीत नाही. दुपारचं जेवण संध्याकाळी झालं आणि मका सगळा थंड झाला, तरी कुणी कुरकुर केली नाही.

संध्याकाळी बोर्ड बसलं. मला बाहेर बसवलं होतं, पण होबार्टचा आवाज तुला माहीत आहे, भिंतीला कुठे आवरतो. एकाने अंगठीचा मुद्दा काढला, तर होबार्ट म्हणाला, "नियम दिखाव्याविरुद्ध आहे. सात वर्षांपूर्वी मी हे का बोललो नाही ते मलाच कळत नाही. जी वस्तू कुणाला दिसतच नाही, तिचा दिखावा कसला?" दुसरा म्हणाला, "सोनं ते सोनं." होबार्ट म्हणाला, "मग तुझा सोन्याचा दात काढ." पुढे अर्धा तास यातच गेला.

शेवटी ठरलं ते असं. तुझं नाव परत लिहिलं. नव्या सभासदासारखी उमेदवारी नाही, पुन्हा प्रश्नोत्तरं नाहीत, जिथून खोडलं होतं त्याच ओळीवर. खोडलेलं खोडलेलंच दिसतं, त्याला इलाज नाही, पण शेजारी नीट अक्षरात लिहिलंय आणि खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. तुझी अंगठी कपड्याच्या आत असेल तोवर कोणी त्याबद्दल तोंड उघडायचं नाही, हेही लिहिलंय. नियमाचा अर्थ पुढच्या जूनच्या वार्षिक परिषदेत ठरेल. तो कसा ठरेल ते मी सांगू शकत नाही, आणि माझ्याकडून उगाच गोड ऐकू नकोस.

मी स्वतःहून माझं नाव उमेदवारांत घालून घेतलं. सहा महिने. माझ्याबरोबर सतरा वर्षांच्या दोन मुली आहेत आणि एक गवंडी आहे, ज्याने मेमध्ये दारू सोडली. तो मला विचारतो, "काकू, तुम्ही काय सोडलंत?" मी म्हणते, "मोजणं." म्हणजे आता पाइन रनमध्ये तुला मत आहे आणि मला नाही. क्लॉइसला हे सांगताना हसू आवरत नाही, आणि खरं सांगू, मलाही नाही.

व्हर्ना, मी तुझ्याकडून आजवर पुष्कळ काही न विचारता घेतलं. आता विचारते. येशील का? राहायला नको, नुसती ये. आली नाहीस तरी मी दर आठवड्याला लिहीन, आणि खरं लिहीन.

तुझी
मीडा


टोलेडो
मंगळवार, ३ सप्टेंबर १९७४

मीडा,

शुक्रवारी दुपारी अडीचच्या बसने येतेय. क्लॉइसला स्टँडवर पाठव. तू येऊ नकोस, चारचौघांत रडायचं वय नाही माझं. सोमवारपर्यंत राहीन, पुढचं पुढे बघू.

एक ध्यानात ठेव, मी मंडळीसाठी येतेय, तुझ्यासाठी नाही.

वरचं वाक्य खोटं आहे. शाईने लिहिलंय आणि दुसरं कार्ड घरात नाही, तेव्हा तसंच राहू दे आणि हे खालचं धर. तुझ्यासाठी येतेय.

व्हर्ना